मालमोटारीचा चालक आणि कायदा

शहरांतील घरांत दोन प्रहरीं पानावर वाढला जाणारा भात कोठून येतो, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वाण्याच्या दुकानांतून येतो, एवढें उत्तर पुरेसें असतें. फार तर तो शेतकऱ्यानें पिकविला, असें कृतज्ञतापूर्वक म्हटलें जातें. परंतु शेत आणि दुकान यांच्यामध्यें जो शेंकडों मैलांचा रस्ता पसरलेला असतो, तो तुडवून माल आणणारा एक मनुष्य असतो; आणि त्याची आठवण बहुधा दोनच प्रसंगीं होते. एक, अपघात झाला म्हणजे; आणि दुसरा, त्यानें गाडी उभी करून ठेविली म्हणजे. २०२४ सालच्या जानेवारीच्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस असा दुसरा प्रसंग आला. देशांत ठिकठिकाणीं मालमोटारी थांबल्या, नागपुरासह अनेक शहरांत पेट्रोलपंपांपुढें लांबच लांब रांगा लागल्या, आणि एरव्हीं कोणाच्या खिजगणतींत नसलेला चालक एका रात्रींत चर्चेचा विषय झाला. दोन-तीन दिवसांनीं रांगा ओसरल्या व त्यांबरोबर चर्चाही ओसरली. ज्या प्रश्नानें ती उठली होती तो प्रश्न मात्र जागच्या जागीं राहिला. तो नीट समजून घ्यावयाचा तर महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या टोंकास असलेल्या गोंदिया जिल्ह्याकडे पाहणें सोयीचें आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून निराळा झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशांतील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड, तालुके आठ. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख धानाचा. गोंदिया शहर तेथील भातगिरण्यांसाठीं प्रसिद्ध असून, तांदळाचें शहर अशीच त्याची ओळख आहे. तिरोडा येथें ३,३०० मेगावॉट शक्तीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून, सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून, जुना ग्रेट ईस्टर्न रोड जातो. हाच पुढें राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, आणि नवीन क्रमांक ठरल्यापासून ५३ या आंकड्यानें ओळखला जातो. गुजरातेंतील हजिऱ्यापासून ओरिसांतील पारादीपपर्यंत, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, जाणारा हा रस्ता आहे. भिलाईचें लोखंड पश्चिमेस येतें तें याच वाटेनें. ज्या तालुक्याच्या नांवांतच ‘सडक’ हा शब्द आहे, तेथील माणसांस मालमोटारीची घरघर नवी नाहीं.

या जिल्ह्यांत दोन प्रकारचे चालक दिसून येतात. पहिला जवळपासचा माल वाहणारा. सरकार आधारभूत किमतीनें जें धान खरेदी करतें, तें खरेदीकेंद्रांवरून गिरणीवर न्यावयाचें, भरडाई झाली कीं तांदूळ सरकारी गोदामांत पोंचवावयाचा, हें त्याचें काम. एक क्विंटल धानामागें गिरणीवाल्यानें ६७ किलो तांदूळ द्यावयाचा, असें प्रमाण सरकारनें ठरवून दिलेलें आहे. म्हणजे प्रत्येक पोतें दोनदां तरी गाडींत चढतें आणि दोनदां उतरतें. दुसरा चालक लांबच्या पल्ल्याचा. त्याची गाडी रायपूर-भिलाईकडून निघून नागपूर, तेथून मुंबई किंवा सुरत अशी हजार-बाराशें किलोमीटर जाते. दोघांचें जीवन वेगळें खरें, परंतु एक गोष्ट दोघांसही समान आहे. गाडी हांकण्यांत त्यांचा जितका वेळ जातो, त्याच्या तोडीचा वेळ थांबण्यांत जातो.

हंगामाच्या दिवसांत गिरणीच्या अथवा गोदामाच्या फाटकाबाहेर गाड्यांची ओळ लागते. धर्मकांट्यावर वजन व्हावयाचें, नमुना पाहिला जावयाचा, हमाल मोकळे व्हावयाचे, मग माल उतरावयाचा. तोंपर्यंत चालक गाडीच्या सावलींत बसून असतो. त्याला तेथून हलतां येत नाहीं, कारण ओळ केव्हां पुढें सरकेल याचा नेम नसतो. झोंपतांही येत नाहीं, कारण ताडपत्रीखालच्या मालाची जबाबदारी त्याच्यावर असते. सकाळीं आलेली गाडी सायंकाळीं रिकामी झाली, तर दिवस गेला असें तो मानतो. परंतु त्याच्या कामाचा दिवस खरोखर तेव्हां सुरू होतो, कारण पुढची फेरी त्याच रात्रीं निघावयाची असते.

आतां या बाबतींत कायदा काय म्हणतो तें पाहूं. चालकाच्या श्रमास मर्यादा असावी, हा विचार आजचा नाहीं. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यानेंच असें ठरविलें होतें कीं, सलग पांच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांति मिळालीच पाहिजे, चोवीस तासांत नऊ तासांहून अधिक आणि आठवड्यांत चोपन्न तासांहून अधिक गाडी चालवावयास लावूं नये. पुढें १९६१ सालीं मोटार वाहतूक कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्यानें दिवसाची मर्यादा आठ तास व आठवड्याची अठ्ठेचाळीस तास केली; लांब पल्ल्यासाठीं परवानगीनें ती दहा व चोपन्न तासांपर्यंत वाढविण्याची मुभा ठेविली; आठवड्यास एक सुटी सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंही आपल्या ९१ व्या कलमांत हेच तास मान्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलांत आल्या आणि १९६१ चा कायदा त्यांपैकीं एका संहितेंत, सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिति यांविषयींच्या २०२० च्या संहितेंत, विलीन झाला. आठ तासांचें तत्त्व तिनेंही कायम ठेविलें आहे. कागदावर पाहतां, ऐंशीं वर्षांहून अधिक काळ आपला चालक सुरक्षित आहे.

मग ही सुरक्षितता रस्त्यावर कां दिसत नाहीं? याचें एक कारण व्याख्येंत दडलेलें आहे. ‘कामाचे तास’ म्हणजे काय, हें सांगतांना १९६१ च्या कायद्यानें तीन गोष्टी मोजल्या: गाडी चालूं असतांना केलेलें काम, त्यास जोडून येणारें किरकोळ काम, आणि अखेरच्या ठिकाणीं पंधरा मिनिटांहून कमी वेळ नुसतें हजर राहणें. नव्या संहितेनेंही हेच शब्द स्वीकारले आहेत. हे शब्द ठरावीक वेळापत्रकानें धांवणाऱ्या प्रवासी गाडीस शोभतात. तिचा चालक थांब्यावर पांच-दहा मिनिटें बसतो, तो वेळ कामांत धरला जातो, हें योग्यच. परंतु गोदामाच्या फाटकाबाहेर सात तास बसलेल्या माणसाचे ते सात तास या मोजणींत स्पष्टपणें कोठेंच येत नाहींत. तो वेळ काम म्हणून धरला जात नाहीं, आणि विश्रांति म्हणून त्याचा उपयोगही होत नाहीं. दिवसभर असा खोळंबलेला मनुष्य रात्रीं आठ तास गाडी हांकतो, तेव्हां त्यानें कायद्याचा भंग केला असें म्हणणें कठीण. आणि तो थकलेला नाहीं असें म्हणणें त्याहून कठीण.

दुसरें कारण संख्येचें आहे. १९६१ च्या कायद्यान्वयें होणारी नोंदणी, तपासणी व हजेरीपट हें सर्व पांच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यास लागूं होतें. नव्या संहितेनें हा आंकडा दहावर नेला आहे. आपल्या देशांतील मालमोटारींचे मालक बहुतांशीं लहान. कोणाची एक गाडी, कोणाच्या दोन, पुष्कळ ठिकाणीं मालक स्वतःच चालक. अशा मालकाच्या दारीं तपासनीस जाण्याचें कारणच उरत नाहीं. जेथें संरक्षणाची गरज अधिक, नेमकें तेथेंच संरक्षणाचें यंत्र थांबतें. या ठिकाणीं एका गोष्टीचें स्मरण होतें. गाडींत पोतीं चढविणाऱ्या हमालासाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कायदा केला, आणि अनेक मालकांकडे विखुरलेल्या श्रमिकास मंडळाच्या द्वारें संरक्षण देतां येतें हें दाखवून दिलें. तीं पोतीं वाहून नेणाऱ्या चालकासाठीं तशी योजना झालेली नाहीं.

तिसरें कारण वेतनाच्या पद्धतींत आहे. पुष्कळ चालकांस महिन्याच्या ठरावीक पगारापेक्षां फेरीमागें मिळणाऱ्या रकमेचा व भत्त्याचा आधार अधिक असतो. फाटकावर गेलेला दिवस त्याच्या खिशांतून जातो, आणि तो भरून काढावयाचा तर रात्रीच्या वेगाखेरीज त्याच्यापाशीं दुसरें साधन नसतें. २०२० सालीं सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनें दहा शहरांत केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, चालक दिवसाला सरासरी बारा तास राबून ४१७ किलोमीटर अंतर तोडतो, आणि जवळजवळ निम्मे चालक थकवा किंवा झोंप येत असतांही गाडी चालवीत राहतात. हा दोष केवळ बेफिकिरीचा असता, तर उपदेशानें तो गेला असता.

तासांनंतर प्रश्न येतो तो भाराचा. २०१८ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें गाडीच्या प्रत्येक आंसावरील परवानगीचा भार वाढविला. चार टायरांच्या एका आंसावर पूर्वीं १०.२ टन चालत, ते ११.५ झाले. २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारासाठीं दंड वीस हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनामागें आणखी दोन हजार, असा जबर करण्यांत आला. रस्ते व पूल यांचें रक्षण व्हावयाचें तर हा दंड अवश्य आहे. पण गाडींत किती माल भरावयाचा हें ठरवितो कोण? माल पाठविणारा आणि गाडीचा मालक. कायद्यास याची जाणीव नाहीं असें नाहीं. चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानें घडला असें न्यायालयास गृहीत धरतां येईल, असें मोटार वाहन कायद्याचें ११३ वें कलम सांगतें. परंतु नाक्यावर अडविला जातो तो चालकच. शिवाय २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या रस्ता-सुरक्षा समितीनें जादा भाराच्या गुन्ह्यासाठीं निदान तीन महिने परवाना निलंबित करण्याचा आदेश दिला. मालकाचें नुकसान दंडापुरतें असतें. चालकाचा परवाना गेला कीं त्याचें पोटाचें साधनच गेलें. ‘एवढा माल मी नेणार नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार त्याला कागदावर आहे. मात्र तसें म्हणणाऱ्यास पुढची फेरी मिळेल याची हमी कोणी देत नाहीं.

हीच गोष्ट कागदपत्रांची. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. देवरी तालुक्यांत शिरपूर येथें राज्याचा सीमा-तपासणी नाका होता. असे परिवहन खात्याचे नाके बंद करण्याची हालचाल राज्यानें २०२५ सालीं सुरू केली. टोलनाक्यावरही २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळें खोळंबा कमी झाला. हीं सारीं पावलें स्वागतार्ह होत. पण नाका गेला तरी तपासणी गेली नाहीं. ती रस्त्यावर कोठेंही होऊं शकते. पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या करपात्र मालाबरोबर ई-वे बिल लागतें, आणि तें दर दोनशें किलोमीटरांस एक दिवस या हिशेबानें चालतें. भिलाईहून मुंबईकडे निघालेल्या लोखंडास पांच-सहा दिवस मिळतात. ते एरव्हीं पुरेसे आहेत. परंतु वाटेंत गाडी बिघडली, किंवा उतरवून घेणाऱ्याच्या दारांत सुटी आली, तर मुदत संपण्याच्या आधीं किंवा नंतर आठ तासांच्या आंत ती वाढवून घ्यावी लागते. हें काम वाहतूक-कचेरीचें. तें राहिलें किंवा बिलांत एखादा आंकडा चुकला, तर माल व गाडी अडकते, आणि गाडीबरोबर चालकही अडकतो. जें बिल त्यानें लिहिलें नाहीं, आणि पुष्कळदां ज्याची भाषाही त्यास वाचतां येत नाहीं, त्या बिलाच्या चुकीसाठीं तो आपले दिवस मोजतो.

शरीराच्या कष्टांविषयीं फार सांगावयास नको. वैशाखांत गोंदियाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. इंजिनाशेजारीं बसलेल्या माणसाची अवस्था त्यावरून समजण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींस वातानुकूलित कक्ष असलाच पाहिजे, अशी अधिसूचना २०२३ च्या डिसेंबरांत निघाली. पेट्रोलपंपांवर ‘अपना घर’ या नांवानें चालकांसाठीं विश्रांतिस्थानेंही तेल कंपन्यांनीं उघडलीं आहेत. हे उपाय चांगले आहेत, पण सध्यां रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्या आणखी पुष्कळ वर्षें चालावयाच्या आहेत, हें विसरतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे, ज्यामुळें जानेवारीमध्यें गाड्या थांबल्या त्याकडे, वळूं. जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ कलमाप्रमाणें निष्काळजीपणानें कोणाचा मृत्यु घडविल्यास अधिकांत अधिक दोन वर्षें कैद होती. २०२३ च्या डिसेंबरांत मंजूर झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमानें ती मर्यादा पांच वर्षांवर नेली. आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागांत असें म्हटलें कीं, बेदरकार व निष्काळजी हांकणीनें मृत्यु घडवून जो चालक लगोलग पोलिसांस किंवा मॅजिस्ट्रेटास खबर न देतां पळून जाईल, त्यास दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होईल. दंडाचा आंकडा कलमांत नाहीं. लाखोंचे जे आंकडे तेव्हां तोंडोतोंडीं झाले ते अफवेचे होते. कलमाचा हेतु कोणासही अमान्य होण्यासारखा नाहीं. २०२२ या एका वर्षांत, धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळें देशांत ३०,४८६ माणसें मेलीं. यांत सर्व प्रकारचीं वाहनें आलीं. परंतु रस्त्याच्या कडेस विव्हळत पडलेल्या माणसास टाकून जाणें हें कोणत्याही वाहनानें केलें तरी घोर कर्मच आहे. जखमीस वेळीं दवाखान्यांत नेलें असतें तर यांतील पुष्कळ जीव वांचले असते.

चालकांची बाजू अशी कीं, धडक झाली म्हणजे क्षणार्धांत जमाव जमतो, चूक कोणाची हें न पाहतां मोठ्या गाडीच्या माणसास ओढून काढतो, आणि त्या वेळीं थांबणें म्हणजे प्राणावर उदार होणें. ही नुसती सबब नव्हे. खुद्द कायद्यानें ती ओळखलेली आहे. मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम चालकावर जखमीच्या उपचाराची जबाबदारी टाकतें, परंतु लोकक्षोभामुळें तें शक्य नसेल तर त्यास सूट देतें; आणि जवळच्या पोलिसठाण्यावर शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितींत चोवीस तासांच्या आंत, खबर द्यावी असें सांगतें. एका कायद्यांत चोवीस तासांची बाहेरची मर्यादा आहे, दुसऱ्यांत ‘लगोलग’ एवढाच शब्द आहे, आणि लोकक्षोभाचा उल्लेख नाहीं. या दोहोंचा मेळ घालणें हें खरें काम होतें. जानेवारीच्या दोन तारखेस केंद्रीय गृहसचिव व अखिल भारतीय मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांची बैठक झाली, आणि या संघटनेशीं विचारविनिमय केल्यावांचून हें उपकलम लागूं करावयाचें नाहीं असें आश्वासन देण्यांत आलें. पुढें १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली, तेव्हां हें उपकलम तींतून वगळण्यांत आलें. तडजोडीनें प्रसंग टळला. परंतु पळून जाणाऱ्यास कडक शासन नाहीं आणि थांबणाऱ्यास संरक्षणही नाहीं, अशा स्थितींत जखमी मनुष्य पूर्वीं होता तेथेंच राहिला. खबर दूरध्वनीवरून दिली तरी ती पुरेशी मानावी, पहिल्या ठाण्यावर गाडी नेणारा हा पळालेला नव्हे असें स्पष्ट लिहावें, एवढ्यानें चालकाची भीति व जखमीचा धोका हीं दोन्हीं बरींच कमी होतील.

इतर देशांनीं या प्रश्नाची उकल कशी केली, हें पाहणेंही बोधप्रद आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाप्रमाणें साडेचार तास गाडी चालविल्यावर पाऊण तास थांबावें लागतें, आणि दिवसाचे तास साधारणतः नऊच. तास चालकाच्या वहींत लिहिले जात नाहींत. गाडींत बसविलेलें यंत्रच ते टिपून ठेवतें. परंतु त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी त्या नियमांत आहेत. सुरक्षिततेस बाध येईल अशा रीतीनें अंतरावर किंवा वेगावर वेतन ठरवूं नये, ही एक. आणि माल पाठविणारानें ठरविलेलें वेळापत्रकही चालकाच्या तासांशीं जुळतें असलें पाहिजे, ही दुसरी. म्हणजे तेथें कायदा चालकाच्या पाठीमागें जाऊन, त्याला घाई करावयास लावणाऱ्या माणसापर्यंत पोंचतो.

आपल्याकडे असें कांहीं करावयाचें तर आरंभ अवघड नाहीं. गिरणीच्या, गोदामाच्या किंवा कारखान्याच्या फाटकावर गाडी आली ती वेळ आणि सुटली ती वेळ, या दोन वेळा बिल्टीवर लिहिल्या जाव्या. मालाचें वजन जसें लिहिलें जातें तसेंच हें. एवढें झालें कीं थांबण्याचे तास कोणाच्या दारीं गेले हें दिसूं लागेल, आणि जें दिसतें त्याचा मोबदला मागतां येतो. आज तो तोटा फाटकावर कोणाच्याही नांवें पडत नाहीं. म्हणून तो चालकाच्या झोंपेंतून वजा होतो, आणि पहांटे तीन-चारच्या सुमारास, नवेगांव व नागझिरा यांच्या रानांमधल्या अंधाऱ्या रस्त्यावर, त्याची वसुली होते. ती वसुली कधीं चालकाकडून होते, कधीं समोरून सायकलीवर येणाऱ्या एखाद्या अनोळखी वाटसराकडून. त्या वाटसराचें रक्षण करावयाचें असेल, तर चालकाला वेळेवर झोंपूं देण्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.